घराच्या मागं बेकरीची खोली बांधतोय, ओव्हन कुठला घ्यायचा आणि रविवारचं काय करायचं?

पाचगावची_सून

जय ख्रिस्त, नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, कारण पुढच्या महिन्यात गवंडी येणार आहे आणि त्याच्या आत आम्हाला काही गोष्टी नक्की करायच्यात.

आम्ही कोल्हापूरचे, पाचगावला स्वतःचं घर आहे. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मिस्टर उद्यमनगरात वर्कशॉपला सीएनसी मशीनवर आहेत. मी लग्नाआधीपासून केक करतेय, लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी घ्यायला लागले आणि तिथनं ते वाढतच गेलं. सासूबाईंची नानकटाई आणि खारी बिस्किटं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सगळ्यांना माहितीयत. त्या त्यांच्या सासूकडनं शिकल्या, आणि आजेसासूबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्या काळात पत्र्याच्या डब्यात वाळू घालून कोळशाच्या शेगडीवर केक भाजायच्या असं सासरे सांगतात. म्हणजे घरात हे काम तीन पिढ्या आहे पण धंदा म्हणून कुणीच केलं नव्हतं, नाताळला आणि लग्नाकार्याला करायचं आणि वाटायचं एवढंच.

आता सगळं स्वयंपाकघरात चालतं, ६० लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा करंटचा ओव्हन आहे, त्यात एका वेळी दोनच ट्रे आणि मागच्या बाजूची बिस्किटं आधी लाल होतात म्हणून मधेच ट्रे फिरवावा लागतो. डिसेंबर लागला की हॉलमध्ये दिवाणावर ट्रे, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर खोकी, जेवायला जमिनीवर पण जागा राहत नाही. म्हणून घराच्या मागं १० बाय १४ ची मोकळी जागा आहे तिथं बेकरीची खोली बांधायची ठरलंय. मिस्टर म्हणतात भिंती घालून वर पत्रा टाकू, सासरे म्हणतात बांधायचं तर स्लॅबच टाकायचा. ओव्हन गॅसचा की करंटचा यावर पण घरात दोन पार्ट्या आहेत.

दुसरं म्हणजे रविवार. आमच्यात रविवार म्हणजे सकाळी उपासना, दुपारी कुणीतरी जेवायला येतं नाहीतर कुणाला तरी भेटायला जायचं असतं. सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलंय की रविवारी भट्टी पेटणार नाही, आणि मला पण ते मनापासून पटतं, त्यांच्या धाकानं म्हणत नाहीये. पण वाढदिवसाच्या केकच्या निम्म्या ऑर्डरी शनिवार-रविवारच्या असतात, खोलीवर एवढा पैसा घालून आठवड्यातला सगळ्यात मोठा दिवस सोडायचा म्हणजे हप्ता भागेल का ही भीती वाटते.

आणि तिसरं जरा अवघड आहे. मंडळीतली सगळी आपलीच माणसं. केक न्यायचा आणि "देते की गं पुढच्या रविवारी" म्हणायचं, मग उपासना सुटल्यावर वायल्डर मेमोरियल चर्चच्या दारात मी कुणाकडं पैसे मागू? कुणी असं काम घरच्यांसोबत उभं केलं असेल तर कसं केलं सांगा.

मिरजेची_काकू

सलाम बाळ. आमची मिरजेत घरगुती बेकरी आहे, मी, माझा दीर, जाऊ आणि आता मुलगा, म्हणून तुझं वाचून लगेच लिहायला बसले.

आधी पैशाचं सांगते कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं. तुझ्या सासूबाईंच्या नानकटाईचा एक किलोचा खर्च तू कागदावर काढलायस का? आमचं माप सांगते, एक किलो पीठ म्हणजे ७०० मैदा, २०० बेसन, १०० रवा, त्याला ६०० ग्रॅम साजूक तूप आणि ५०० पिठीसाखर, वेलची-जायफळ वेगळं. भाजून जवळजवळ दोन किलो माल निघतो. आता नुसत्या तुपाचे धर, ६०० रुपये किलोचं तूप असेल तर ३६० तिथंच गेले, बाकी सामान धरून साडेचारशेच्या आसपास. म्हणजे किलोला सव्वादोनशे रुपये तर सामानच झालं. त्यात गॅस, डबा, लेबल, फुटका-करपलेला माल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सासूबाईंचा हात. बायका हा हात कधी धरतच नाहीत, आणि मग तीनशे रुपये किलोनं विकून "बरं सुटतंय" असं वाटत राहतं. ते सुटत नसतं, ती आपलीच मजुरी असते जी आपण फुकट दिलेली असते.

म्हणून पहिलं काम हे कर की सासूबाईंची मजुरी ठरव आणि दर महिन्याला त्यांच्या स्वतःच्या खात्यात टाक. घरचं आहे, सगळं एकच आहे, असं त्या म्हणतील, तरी टाक. आमच्याकडं जाऊबाईंना पगार सुरू केला त्या महिन्यापासनं घरातली कुरबूर थांबली, आणि सकाळी कोण लवकर उठणार यावरनं होणारे वाद पण संपले कारण आता ते काम झालं, उपकार राहिला नाही.

मंडळीतल्या लोकांचं. आम्ही सगळ्यांना एकच दर लावतो, पास्टर असोत नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदार. निम्मे पैसे ऑर्डरीबरोबर, उरलेले माल नेताना, आणि पैसे उपासनेच्या ठिकाणी घ्यायचेही नाहीत आणि मागायचेही नाहीत, फोनवर स्कॅनर पाठवायचा. पहिले काही महिने लोक नाराज होतात, मग सवय होते. द्यायचंय ना मनापासून, तर ते वेगळं दे. महिन्यातनं ज्या रविवारी प्रभूभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, असतो त्या दिवशीचा ब्रेड आमच्या घरातनं जातो, त्याचा एक रुपया आम्ही घेत नाही. हंगामाच्या सणाला चर्चच्या लिलावासाठी मोठा केक देतो. कुणाच्या घरी दुःख झालं तर पाव-बटर आणि चहाचं सामान पोचवतो. हे देणं आहे आणि ते मनात ठरलेलं आहे. पण वाढदिवसाच्या केकवर पन्नास रुपये कमी करणं हे देणं नव्हे, त्यानं कुणाचंच भलं होत नाही.

रविवारी आम्ही पण बंद ठेवतो. पिकअप शनिवारी रात्री ९ पर्यंत. रविवारी कापायचा केक शनिवारी न्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि कापायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा, एवढं चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवतो. क्रीमचा केक रात्रभर फ्रिजमध्ये चांगला बसतो, कापताना पण साफ कापला जातो. गिऱ्हाईक तुटत नाही गं, गिऱ्हाईकाला आधी सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

शिरोलीचा_वायरमन

ताई, ओव्हनचं मी सांगतो, आपलं कामच ते हाय.

करंटचा टू ट्रेचा डेक ओव्हन, म्हणजे बेकरीतला सपाट कप्प्याचा, घ्याल तर साधारण ६ किलोवॅटच्या घरात जातो. सिंगल फेजला म्हणजे २६ अँपिअर एकट्या ओव्हनला. घरचा मंजूर लोड बहुतेकांचा दोन-तीन किलोवॅट असतो, त्यावर हे चालवलं तर वायर गरम होणार, आणि वर मिक्सर, फ्रिज, डीप फ्रीझर हायतच. तवा लोड वाढवून घ्या, जमलं तर थ्री फेज घ्या, ओव्हनला मीटरपास्नं वेगळी लाईन, तांब्याची ६ स्क्वेअर एमएम वायर, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग नवीन करा. जुन्या घराच्या अर्थिंगवर इसवास ठेवू नका, ओलं पीठ, ओले हात आणि लोखंडी टेबल हाय तिथं.

बिलाचं पण बघा. घरातनंच छोटा धंदा करणाऱ्याला महिन्याला ३०० युनिटच्या आत आणि वर्षाला ३६०० च्या आत वापर असला तर घरगुती दर लागतो असा नियम हाय, पण करंटचा ओव्हन रोज चालला तर तुम्ही त्याच्या भाईर जाणार. महावितरणच्या ऑफिसात जाऊन आधीच इचारा आणि वेगळं मीटर घ्या, नंतर दंडाचं बिल यायला नको.

माझं मत इचाराल तर गॅसचा डेक ओव्हन घ्या. त्याला करंट फक्त पेटवायला आणि कंट्रोलरला लागतो, ते इन्व्हर्टरवर पण चालतंय. पावसाळ्यात लाईट गेली की अर्धा फुगलेला केक ओव्हनमध्ये बसला तर सगळा माल गेला. फक्त घरगुती लाल सिलेंडर लावायचा न्हाई, धंद्याला १९ किलोचाच घ्यायचा. सिलेंडर खोलीच्या भाईर, जाळीच्या कप्प्यात ठेवा. आणि गवंड्याला सांगा की भिंतीत खाली, फरशीच्या लगत झरोके ठेव, सगळी माणसं झरोका वर ठेवत्यात, पण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो.

पत्रा की स्लॅब म्हणाल तर सासऱ्यांचं ऐका. पत्र्याखाली मे महिन्यात लोणी वितळतं ते सोडा, खरी अडचण पावसात हाय. भाईर थंड पाऊस, आत ओव्हनची वाफ, मग पत्र्याला आतनं पाणी सुटतं आणि ते थेंब खाली पिठावर, ट्रेवर पडत्यात. स्लॅबचं बजेट नसंल तर पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेलं, ते टाका, नुसता पत्रा नको.

राजारामपुरी_गल्ली

मी ख्रिश्चन नाही पण गिऱ्हाईक म्हणून लिहिते, कारण आमच्या घरी नाताळचा फराळ शेजारनं येतो आणि दिवाळीचा आमच्याकडनं जातो, लहानपणापासून. त्यांच्या ताटात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या असतात तशाच, पण नानकटाई आणि तो काळपट केक यांची आम्ही वाट बघत असतो.

अंड्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण ते आत्ताच ठरवा. कोल्हापुरात बुधवार-रविवार मटण खाणारं घर पण गुरुवारी, संकष्टीला आणि श्रावणात अंडं घातलेला केक घेत नाही. मोठ्या बेकरीत आम्ही विचारत पण नाही, पण घरगुती म्हटलं की सासूबाई पहिला प्रश्न हाच विचारतात, भांडी वेगळी आहेत का. तर बिनअंड्याचा केक करणार असाल तर त्याची भांडी, बीटर, टिन वेगळे ठेवा, त्यांना वेगळ्या रंगाची पट्टी लावा, आणि लोकांना ते दाखवा. दाखवलं की विश्वास बसतो. मला स्वतःला असं वाटतं की खोलीला एक मोठी काचेची खिडकी रस्त्याच्या बाजूला ठेवली तर जाहिरातीची गरजच पडणार नाही.

आणि एक आयडिया. आमच्या आईच्या वेळी दिवाळीला रवा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायचं आणि बिस्किटं भाजून आणायची अशी पद्धत होती, डब्यावर खडूनं नाव लिहिलेलं, तिथंच बाकावर बसून राहायचं कारण आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये म्हणून. अजूनही काही बेकऱ्या करून देतात पण दिवाळीच्या आधी दोन-दोन दिवस नंबर लागत नाही. तुम्ही किलोमागे मजुरी घेऊन हे सुरू करा. सामान गिऱ्हाईकाचं, तुमचं फक्त भिजवणं आणि भाजणं, म्हणजे भांडवल अडकत नाही. दिवाळीत हे आणि डिसेंबरात तुमचा नाताळ, ओव्हनला सुट्टीच नाही.

पाचगावची_सून

काकू, दादा, ताई, तुमचे किती आभार मानू. काकू तुमचं वाचून मी खरंच रात्री वही घेऊन बसले. नानकटाईचा हिशोब सासूबाईंसमोर मांडला, त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या की मग गेल्या नाताळला आपण सगळ्यांना फुकटच घातलं म्हणायचं. पगाराचं मिस्टरांना लगेच पटलं.

खाली झरोका ठेवायचं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. दादा, खोलीला खिडकी कुठं ठेवू, ओव्हनच्या समोर की बाजूला? आणि टेबल, रॅक, ट्रे हे मिस्टर म्हणतात उद्यमनगरातनंच करून घेऊ, ऑनलाईन फार महाग आहे. चालेल का?

आणखी एक, कर्जाचं. आम्हाला सोन्यावर काढायचं नाहीये. बचत गटातनं थोडं मिळेल पण तेवढ्यात ओव्हन आणि खोली दोन्ही होत नाही.

शिरोलीचा_वायरमन

खिडकी बाजूला ठेवा. ओव्हनच्या समोर वाऱ्याचा झोत नको, दार उघडलं की तापमान उतरतं. ओव्हनच्या वरच्या भिंतीत एक्झॉस्ट आणि बाजूच्या खिडकीला बारीक जाळी, पावसाळ्यात माश्या आणि उजेडाला येणारे किडे लई. ट्यूब पण कव्हरची लावा, काच फुटून पिठात पडली तर अख्खा घाणा टाकून द्यावा लागतोय.

उद्यमनगरात टेबल-रॅक करा की, बिनधास्त करा, तिथं काय होत न्हाई! फक्त टेबलाचा पत्रा स्टेनलेसचा ३०४ ग्रेडचा मागा, आणि वेल्डिंग घासून गुळगुळीत करून घ्या, खाचेत पीठ अडकलं की झुरळं आली. ट्रे करताना ओव्हनच्या आतलं माप घेऊन चारी बाजूनं बोटभर मोकळं सोडा, गरम हवा फिरायला पायजे. ओव्हन मात्र कंपनीचाच घ्या, त्यात वरचा आणि खालचा ताव वेगळा कमी-जास्त करता येतो का ते बघूनच.

गुळाचा_व्यापारी_शाहूपुरी

कर्जाचं आणि कागदपत्रांचं मी सांगतो, पुतण्याचं याच कामासाठी केलंय.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, लोक पीएमएफएमई म्हणतात, कृषी विभागाकडे असते. प्रोजेक्टच्या ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, आपले स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात आणि बाकी बँक कर्ज. जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेले असतात, ते प्रस्ताव करून देतात, त्याचे तुम्हाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे एजंटाकडं जाऊ नका. सध्या अर्ज घेतायत का ते आधी विचारून घ्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा, सबसिडी हातात रोख मिळत नाही, ती बँकेत तुमच्या नावावर बाजूला राहते आणि तीन वर्षं हप्ते नीट भरले तर कर्जात वळती होते. म्हणजे हप्ता सुरुवातीला पूर्ण कर्जावर धरूनच घर चालतं का ते बघा. आणि बांधकामाला त्यात मर्यादा असते, मुख्य भर मशीनवर, त्यामुळे खोली स्वतःच्या पैशातनं आणि ओव्हन, मिक्सर, फ्रीझर कर्जातनं असं बसवा.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर फुकट होतं, त्याला कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अन्न सुरक्षेचं रजिस्ट्रेशन फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर, पुतण्यानं काढलं तेव्हा १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना वर्षाला १०० रुपये फी होती. १४ अंकी नंबर मिळतो, तो प्रत्येक पाकिटावर पाहिजे, सोबत मालाचं नाव, घटक, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते. बिनअंड्याच्या मालाला चौकोनात हिरवा गोल, अंडं असेल तर चौकोनात तपकिरी त्रिकोण. वरच्या ताईंनी भांड्यांचं सांगितलं ते एकदम बरोबर, कारण हिरवा गोल लावायचा तर तो खरा पाहिजे. जीएसटीची काळजी तुम्हाला आत्ता नाही, मालाच्या धंद्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण माहिती असू द्या की केक-बिस्किटांवरचा दर सप्टेंबर २०२५ पासून १८ वरनं ५ टक्क्यांवर आलाय.

पाचगाव कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतं, खोली बांधायच्या आधी परवानगीचं बघा. बँकवाला पण तो कागद मागतो.

आता माझ्या धंद्याचं एक सांगतो, पटलं तर घ्या. नाताळच्या केकला लोक साखर करपवून काळा रंग आणतात. त्याऐवजी आपली काकवी वापरून बघा. काकवीत थोडा आंबटपणा असतो, त्यानं खायचा सोडा चांगला उचलतो, केक ओलसर राहतो आणि रंग आपोआप येतो. कोल्हापूरच्या गुळाला जीआय मानांकन आहे, आपल्या गावची एवढी मोठी वस्तू असताना केकमध्ये साखरेचा पाक कशाला? जानेवारीत गुऱ्हाळं जोरात असतात तेव्हा ताजी काकवी मिळते, पण नाताळसाठी हंगाम सुरू झाल्या झाल्या नोव्हेंबरातच सांगून ठेवा.

मिरजेची_काकू

काकवीचं फार छान सांगितलंत भाऊ, आम्ही पण करून बघणार. आमच्यात दारूत ड्रायफ्रूट भिजवत नाहीत, आम्ही संत्र्याच्या रसात आणि थोड्या मधात फ्रिजमध्ये भिजवतो, पंधरा दिवस आधी नाही हं, रसात तेवढे टिकत नाहीत, चार-पाच दिवस पुष्कळ झाले. काकवी असेल तर संत्र्याची साल किसून घाला, चव जमते.

नाताळचं तुला आत्ताच सांगून ठेवते बाळ. ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख लावायची, आम्ही १८ डिसेंबर लावतो, आणि शेवटचा पिकअप २३ ला. २४ ला ओव्हन फक्त घरासाठी. नाहीतर काय होतं, २४ ला रात्री कॅरलवाले दारात येतात, आणि त्यांना चहाबरोबर द्यायला घरात एक नानकटाई नसते, मुलांचे कपडे इस्त्रीचे राहिलेले असतात आणि २५ ला उपासनेत घरातल्या बायकांचा डोळा लागतो. दुसऱ्याच्या घरी सण पोचवायचा आणि आपल्या घरी नुसता दमलेला जीव, हे मला कधीच मान्य नाही. नाताळ हा आपल्या प्रभूचा जन्मदिवस आहे, तो आपल्या घरात आधी झाला पाहिजे.

कदमवाडीतला_भाऊ

काकूंचा मान ठेवून थोडं वेगळं मांडतो. मी पण आपल्याच मंडळीतला, माझी बायको केक करते. आम्ही रविवारी भट्टी पेटवत नाही पण दुपारी १ ते ४ तयार केक द्यायला दार उघडं ठेवतो. शनिवारी रात्री न्यायला सांगितलं तर ज्यांच्या घरी फ्रिज लहान आहे, किंवा जे बाहेरगावाहून वाढदिवसाला येतात, त्यांची अडचण होते. सकाळची उपासना आमची एकदाही चुकत नाही, आणि द्यायचं काम मी करतो, बायको झोपते. दवाखान्यातल्या सिस्टर रविवारी ड्युटी करतातच की. तेव्हा हे प्रत्येक घरानं आपल्या मनाला विचारून ठरवावं, पण एकदा ठरलं की दर आठवड्याला बदलू नये.

आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, ताई तुम्ही नुसत्या केकवर खोली बांधताय का? केक म्हणजे ऑर्डर आली तर आली. हप्ता मात्र दर महिन्याला येणार. रोज खपणारं काहीतरी धरा. पाचगावात सकाळी चहाला बटर, खारी, टोस्ट, साधा ब्रेड घेणारं गिऱ्हाईक दारासमोरनं जातं. सासूबाईंची खारी बिस्किटं आहेत तर ती २०० ग्रॅमच्या पाकिटात आजूबाजूच्या दुकानांत ठेवा. पावसाळ्यात फक्त हवाबंद पॅकिंग करा, आपल्याकडं जून ते सप्टेंबर खारी तासाभरात मऊ पडते. मालाचा साठा पण जुलैच्या आत करून ठेवा. पाचगाव उंचावर आहे, तुम्हाला पुराचं पाणी लागत नाही, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हायवे शिरोलीला बंद पडला तेव्हा क्रीम, यीस्ट, चॉकलेट काही वरनं आलं नव्हतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशाऱ्याला आलं की आम्ही लगेच लक्ष्मीपुरीला जाऊन मैदा, साखर भरून ठेवतो.

पाचगावची_सून

सगळ्यांचं वाचून दाखवलं घरात, आज जेवण झाल्यावर सासऱ्यांनी प्रार्थना केली आणि मग बसून ठरवलं, ते सांगते.

स्लॅबच टाकायचा, खोली आमच्या साठवलेल्या पैशातनं. त्याला उशीर लागला तरी चालेल, गवंड्याला प्राधिकरणाचा कागद हातात येईपर्यंत थांबवलंय. ओव्हन गॅसचा, दोन ट्रेचा, त्यासाठी आणि मिक्सरसाठी कर्जाची चौकशी सोमवारी मिस्टर रजा टाकून करणार आहेत. टेबल आणि रॅक उद्यमनगरात, त्यांच्याच ओळखीतला एकजण करून देतो म्हणालाय.

रविवारी पूर्ण बंद. भाऊ, तुमचं म्हणणं चुकीचं नाही वाटलं, मिस्टर पण दार उघडायला तयार होते, पण सासरे म्हणाले की मुलांनी आठवड्यातनं एक दिवस तरी आपल्याला घरात मोकळं बघू दे, आणि मला ते फार पटलं. त्याऐवजी शनिवारी रात्री १० पर्यंत सासरे स्वतः पिकअपला बसणार आहेत, लहान फ्रिजवाल्यांसाठी बिनक्रीमचे केक ठेवणार, ते बाहेर पण राहतात.

दर सगळ्यांना एक. हे मी येत्या महिला मंडळाच्या मीटिंगला स्वतः सांगणार आहे, कुणाला नंतर वेगळं ऐकायला मिळण्यापेक्षा बरं. प्रभूभोजनाचा ब्रेड आमच्याकडनं द्यायचा हे सासूबाईंनीच म्हटलं, पास्टरांशी बोलणार आहेत. त्यांचा पगार पण ठरला, बँकेत नवीन खातं उघडायचंय, पासबुक माझ्याकडंच ठेवीन म्हणाल्या.

राजारामपुरीच्या ताई, दिवाळीला भाजून द्यायचं तुमचं नक्की करणार. पण एक विचारायचं राहिलं, भाजायची मजुरी किलोला किती घेतात सध्या, आणि ती पिठाच्या वजनावर घेतात की भाजलेल्या मालाच्या? लोक तूप जास्त घालून आणतात, मग बिस्किट पसरतं आणि ट्रे जास्त लागतात.

राजारामपुरी_गल्ली

आमच्याकडं भिजवलेल्या पिठाच्या वजनावर घेतात, तुम्ही पण तसंच घ्या, म्हणजे तुपाचं वजन पण आलं. दर मी दोन-तीन बेकऱ्यांत विचारून इथंच लिहिते. आणि पीठ तुम्हीच भिजवा, घरनं भिजवून आणलेलं घेऊ नका, नाहीतर बिघडलं तर नाव तुमचं येईल. माझा डबा पहिल्या दिवशीचा धरा.